वार्षिक फी गेली कुठे?

भांडण सुरू झाले ते वर्षाला १० डॉलरच्या फीवरून. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहरात, मार्क्वेट नॅशनल बँक नावाची एक बँक होती. तिचे क्रेडिट कार्ड घेणाऱ्याला दरसाल ही फी भरावी लागे. १९७०च्या दशकात नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरातली फर्स्ट नॅशनल बँक मिनेसोटात उतरली आणि तिथल्या लोकांना विनाफी कार्ड देऊ लागली. मार्क्वेटचे ग्राहक तिकडे वळले. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी पैसे कोण भरणार?

ओमाहाच्या बँकेला फी सोडून देणे परवडत होते, कारण दोन राज्यांचे कायदे वेगळे होते. मिनेसोटात कार्डावरच्या बाकीवर वर्षाला १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नसे. ती कसर भरून काढायला तिथल्या बँकांना १५ डॉलरपर्यंत वार्षिक फी घेण्याची मुभा होती. नेब्रास्कात हजार डॉलरच्या आतल्या बाकीवर १८ टक्के चालत. ओमाहाची बँक मिनेसोटातल्या ग्राहकालाही नेब्रास्काचाच दर लावत होती. मार्क्वेट कोर्टात गेली. कर्जदार मिनेसोटात राहतो, खरेदी तिथेच करतो, बिलही तिथल्याच पत्त्यावर येते. मग कायदा कुठला लागायचा?

१८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने उत्तर दिले: बँक जिथली, कायदा तिथला. न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिलेल्या या निकालाचा आधार होता यादवी युद्धाच्या काळात, १८६४ साली झालेला नॅशनल बँक कायदा. राष्ट्रीय बँक ज्या राज्यात आहे तिथे चालणारा व्याजदर ती लावू शकते, असे त्यात म्हटले होते. अशाने राज्यांच्या सावकारीविरोधी कायद्यांची धार जाईल, हे न्यायालयाला दिसत होते आणि निकालात ते मान्यही केले आहे. पण ही काळजी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने वाहावी, असे म्हणून न्यायालय थांबले. काँग्रेसने काही केले नाही. पुढच्या तीस वर्षांत क्रेडिट कार्डाच्या धंद्यात जे जे घडले, त्याची वाट या निकालातून निघते.

निकालाआधीचा धंदा कसा होता ते पाहिले, तर पुढचा बदल किती मोठा होता हे ध्यानात येईल. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात सुमारे ६० हजार लोकांना टपालाने कार्डे पाठवली. मागणी नाही, अर्ज नाही. पाकीट उघडले की आत वापरायला तयार बँकअमेरिकार्ड. तीनशे-पाचशे डॉलरची मर्यादा, वार्षिक फी नाही, बाकी ठेवली तर वर्षाला १८ टक्के व्याज, आणि दुकानदाराकडून विक्रीच्या रकमेवर कमिशन. योजनेचे प्रमुख जोसेफ विल्यम्स यांचा अंदाज होता की चारेक टक्के खाती थकतील. थकली २२ टक्के. चोऱ्या झाल्या, बनावट कार्डे निघाली, विल्यम्स यांना बँक सोडावी लागली. पण बँकेने योजना सोडली नाही, आणि काही वर्षांत ती नफ्यात आली. १९६६ पासून देशभरच्या बँका याच मार्गाने निघाल्या. त्या वर्षी नाताळच्या तोंडावर शिकागोच्या बँकांनी लाखो कार्डे अशीच वाटली. अखेर १९७० मध्ये न मागितलेले कार्ड पाठवण्यावर कायद्याने बंदी आली.

या सगळ्या काळात कार्डाची किंमत ग्राहकाला समजण्याजोगी होती. व्याज किती ते ठाऊक असे, आणि बहुतेक राज्यांत त्याला कायद्याचा लगाम होता. मार्क्वेटसारखी फी घेणारी बँक सोडली, तर महिन्याचे बिल महिन्यात चुकते करणाऱ्याला एक पैसाही पडत नसे. बँकेला कमाई होई ती बाकी ठेवणाऱ्याच्या व्याजातून आणि दुकानदाराच्या कमिशनमधून.

ही घडी विस्कटली ती महागाईने. न्यूयॉर्कमध्ये वॉल्टर रिस्टन यांच्या नेतृत्वाखाली सिटीबँकेने १९७७ मध्ये देशभर अर्जांच्या निमंत्रणाची सुमारे २ कोटी ६० लाख पाकिटे पाठवली होती. तिला न्यूयॉर्कपुरती बँक राहायचे नव्हते, आणि कार्ड हे राज्याच्या सीमा ओलांडण्याचे साधन होते. पण पाठोपाठ व्याजदर चढत गेले. १९८० मध्ये बँकेला स्वतःला पैसा उभा करायला २० टक्क्यांच्या घरात मोजावे लागत होते, आणि न्यूयॉर्कचा कायदा कार्डावर पहिल्या ५०० डॉलरना १८ आणि त्यापुढे १२ टक्क्यांच्या वर जाऊ देत नव्हता. प्रत्येक उधार डॉलरमागे तोटा होता. त्यात मार्च १९८० मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी महागाई रोखण्यासाठी ग्राहक कर्जांवर निर्बंध जाहीर केले. लोकांनी ते इतके मनावर घेतले की अनेकांनी आपली कार्डे कापून तुकडे व्हाइट हाउसला पाठवून दिले. निर्बंध काही महिन्यांतच उठले, पण तेवढ्या अवधीत बँकांनी एक गोष्ट करून घेतली. नवे ग्राहक घ्यायचेच नाहीत, तर जुने दुरावतील याची भीती कशाला? एकामागून एक बँकांनी वार्षिक फी बसवली. सुरुवात १२-१५ डॉलरपासून झाली आणि दशकाच्या मध्यापर्यंत २० डॉलर ही नेहमीची रक्कम झाली. मिनियापोलिसमध्ये ज्या फीमुळे ग्राहक पळाले होते, ती आता सगळ्यांनी एकदम लावल्यामुळे पळायला जागाच उरली नाही.

सिटीबँकेचे तेवढ्याने भागणार नव्हते. तिला व्याजाच्या मर्यादेतून सुटका हवी होती, आणि सुटकेचा रस्ता मार्क्वेट निकालाने दाखवून ठेवला होता. कायदा बदलत नसेल तर पत्ता बदलायचा. त्या वेळी दुसऱ्या राज्यात बँक काढायला त्या राज्याच्या विधिमंडळाचे आमंत्रण लागे. सिटीबँकेचे अधिकारी साउथ डकोटात पोहोचले. शेतीवर जगणारे, विरळ वस्तीचे राज्य. महागड्या पैशाने तिथले शेतकरीही होरपळत होते. १२ टक्क्यांच्या मर्यादेत स्थानिक बँकांना कर्जे देणे परवडत नव्हते, म्हणून राज्य स्वतःच ती मर्यादा उठवायच्या बेतात होते. गव्हर्नर बिल जँक्लो यांना नोकऱ्या हव्या होत्या. सिटीबँकेने सुरुवातीला ४०० नोकऱ्यांचे आश्वासन दिले. आमंत्रणाचे विधेयक १९८० च्या अधिवेशनाच्या अखेरीस झटपट मंजूर झाले, आणि १९८१ मध्ये बँकेचा कार्डविभाग सू फॉल्स शहरात सुरू झाला. पुढे तिथल्या नोकऱ्या हजारांत गेल्या. गावाचे भले झाले, हे खोटे नाही. मात्र त्या नोकऱ्यांच्या मोबदल्यात साउथ डकोटाच्या आमदारांनी कॅलिफोर्नियापासून मेनपर्यंतच्या कर्जदारांचे नियम ठरवून टाकले. त्या कर्जदारांनी या आमदारांना मते दिली नव्हती, आणि नियम जाचले तर त्यांना पाडायची सोयही त्यांच्याकडे नव्हती.

डेलावेअर राज्य मागे राहिले नाही. गव्हर्नर पिअर डू पाँट यांनी फेब्रुवारी १९८१ मध्ये सही केलेल्या कायद्याने बँकांना व्याज आणि फी स्वतः ठरवण्याची मोकळीक दिली. करही असा बसवला की नफा जितका मोठा तितका कराचा दर कमी. मोठ्या बँकांची रांग लागली. मग इतर राज्यांनीही आपल्या बँका निघून जातील या धास्तीने मर्यादा सैल केल्या. पहिली स्पर्धा बँकांमध्ये झालीच नाही; ती राज्यांमध्ये झाली.

यानंतर एक कोडे उभे राहिले. महागाई ओसरली. १९८१ मध्ये १९-२० टक्क्यांवर गेलेले अल्पमुदतीचे व्याजदर दशकाच्या अखेरीस त्याच्या निम्म्याखाली आले. कार्ड देणाऱ्या बँका देशात सुमारे चार हजार होत्या, आणि एकाच बँकेची मक्तेदारी म्हणावी अशी स्थिती नव्हती. पाठ्यपुस्तकाप्रमाणे कार्डावरचे व्याज घसरायला हवे होते. ते १८ टक्क्यांच्या आसपास खुंटा ठोकल्यासारखे उभे राहिले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स ऑसुबेल यांनी या कोड्यावर लिहिलेला निबंध १९९१ च्या मार्चमध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. त्यांच्या हिशोबाने १९८३ ते १९८८ या काळात कार्डाच्या धंद्यातला परतावा बँकव्यवसायातल्या सर्वसाधारण परताव्याच्या तिप्पट ते पाचपट होता.

त्यांनी सांगितलेले कारण साधे आहे, आणि मला ते आजही सगळ्यात पटते. कार्ड घेताना बहुतेक माणसांना वाटते की आपण बाकी ठेवणारच नाही. त्यामुळे व्याजदराकडे ते पाहत नाहीत. नंतर बाकी राहते, महिन्यामागून महिने राहते, तो भाग वेगळा. आता एखाद्या बँकेने व्याज कमी केले तर तिच्याकडे कोण येईल? उधारी करायचीच असे आधीपासून ठरवलेला माणूस, आणि त्यांतले पुष्कळ जण बुडवणारे. म्हणजे दर कमी करणाऱ्या बँकेच्याच गळ्यात धोंड. म्हणून कोणीच कमी करत नाही. ग्राहक पाहतो ते वार्षिक फीकडे, कारण ती नक्की द्यायची असते आणि पहिल्याच स्टेटमेंटवर दिसते. तेव्हा बँकांची झुंज लागली तर ती वार्षिक फीवरच लागणार.

तशी ती लागलीही, आणि सुरुवात बँकांच्या बाहेरून झाली. सिअर्स या दुकानांच्या साखळीने जानेवारी १९८६ मध्ये फुटबॉलच्या सुपर बोल सामन्यात जाहिरात करून डिस्कव्हर कार्ड देशभर आणले: वार्षिक फी नाही, उलट खरेदीवर थोडी रक्कम परत. मोठा धक्का बसला तो मार्च १९९० मध्ये. टेलिफोन कंपनी एटीअँडटीने युनिव्हर्सल कार्ड काढले आणि पहिल्या वर्षात येणाऱ्यांना जन्मभर वार्षिक फी माफ केली. काही महिन्यांत दहा लाखांवर खाती उघडली गेली. जुन्या बँकांचे ग्राहक फोन करून विचारू लागले की त्यांना फी नाही, तर मला का? फी माफ होऊ लागली, आधी विचारणाऱ्यांना आणि मग सरसकट. दहा वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून बसवलेली फी साध्या कार्डांवरून पाहता पाहता नाहीशी झाली.

व्याजावर मात्र राजकारण तापले. मंदीचा काळ होता. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश न्यूयॉर्कमधल्या एका भाषणात म्हणाले की कार्डांचे व्याज कमी व्हायला हवे. दुसऱ्याच दिवशी सिनेटर अल्फॉन्स डमॅटो यांनी व्याजावर सुमारे १४ टक्क्यांची मर्यादा घालणारी दुरुस्ती मांडली आणि सिनेटने ती ७४ विरुद्ध १९ मतांनी मंजूर केली. दोन दिवसांनी, शुक्रवारी, शेअरबाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक १२० अंकांनी कोसळला. कोसळण्याची कारणे इतरही होती, पण बोट या मर्यादेकडे दाखवले गेले, आणि घाबरलेल्या वॉशिंग्टनने ती गुंडाळली. एखाद्या ग्राहकहिताच्या तरतुदीचे आयुष्य इतके थोडे क्वचितच असेल.

पण बँकांना इशारा पोहोचला होता. १९९२ पासून मोठ्या बँकांनी चांगल्या ग्राहकांचे व्याज उतरवायला सुरुवात केली. व्हर्जिनियातल्या सिग्नेट बँकेत रिचर्ड फेअरबँक आणि नायजेल मॉरिस हे दोघे तरुण आकडेमोडीच्या जोरावर नवेच काही करत होते. सगळ्यांना एकच दर लावण्याऐवजी माणसागणिक दर, आणि दुसऱ्या बँकेतली बाकी आपल्याकडे आणणाऱ्याला सुरुवातीचे काही महिने अगदी कमी व्याज. १९९४ मध्ये हाच विभाग कॅपिटल वन नावाने वेगळा झाला. वरवर पाहता ऑसुबेल यांचे कोडे सुटले होते: वार्षिक फी गेली, व्याज उतरले. लाखो नीटस ग्राहकांना खरोखरच फायदा झाला, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण दोन्ही दरवाजांनी गेलेली कमाई बँकांना तिसऱ्या दरवाजाने परत हवी होती.

तो दरवाजा होता लेट फीचा. साउथ डकोटाचा कायदा बँकेला अशी फी घेऊ देत असे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत तिच्यावर बंधने होती. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका ग्राहक महिलेने सिटीबँकेवर दावा लावला. उशिरा भरल्याबद्दल घेतलेले १५ डॉलर हा दंड आहे, व्याज नव्हे. १८६४ चा कायदा बँकेला फक्त आपल्या राज्याचे व्याज बाहेर न्यायची परवानगी देतो, दंड नव्हे, असे तिचे म्हणणे. व्यवहाराच्या भाषेत बोलणारा कोणीही माणूस तिच्या बाजूने उभा राहिला असता. पण खटला चालू असतानाच, १९९६ च्या सुरुवातीला, राष्ट्रीय बँकांचे नियंत्रक असलेल्या सरकारी कार्यालयाने एक नियम पक्का केला: व्याजात लेट फी, मर्यादा ओलांडल्याची फी, वार्षिक फी, रोख उचलीची फी हे सगळे येते. ३ जून १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्मायली विरुद्ध सिटीबँक खटल्यात नियंत्रकाचा हा अर्थ वाजवी ठरवला. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिलेला हा निकालही एकमताचाच. मार्क्वेटने व्याजाला राज्याच्या सीमा मोकळ्या केल्या होत्या, स्मायलीने दंडाला केल्या. सिटीबँकेच्या बाजूने तो खटला हाताळणारे वकील डंकन मॅकडॉनल्ड यांनी पुढे या विजयातून जे निर्माण झाले त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

खंत वाटावी असेच ते होते. काँग्रेससाठी सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिसने २००६ मध्ये अहवाल दिला. त्याप्रमाणे १९९५ मध्ये सरासरी १३ डॉलरच्या आसपास असलेली लेट फी २००५ मध्ये ३४ डॉलरच्या जवळ पोहोचली होती. सहा सर्वांत मोठ्या बँकांच्या वापरातल्या खात्यांपैकी ३५ टक्क्यांवर २००५ मध्ये निदान एकदा लेट फी लागली होती. ही फी तेवढ्यावर थांबत नसे. उशीर झाला की दंडाचा व्याजदर लागे, आणि तो काही ठिकाणी ३० टक्क्यांच्या वर जाई. फी बाकीत मिळवली की खाते मर्यादेच्या वर जाई, की मर्यादा ओलांडल्याची आणखी एक फी. पैसे भरण्याची तारीख महिन्यागणिक सरके; ती रविवारी आली तरी सूट नसे; कुठे ठरल्या दिवशी सकाळच्या ठरावीक वेळेआधी चेक पोहोचला नाही तर उशीर धरला जाई. भलत्याच कंपनीचे बिल थकले म्हणून या बँकेने दर वाढवावा, अशीही पद्धत होती. हे सगळे करारात लिहिलेले असे. पण त्याच अहवालाने म्हटले की ते करार अशा भाषेत होते की देशातल्या जवळपास निम्म्या प्रौढांना समजू नयेत.

या काळाचे सगळ्यात उघडेवाघडे रूप सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रॉव्हिडियन बँकेत दिसले. इतर बँका ज्यांना जवळ करत नव्हत्या अशा अडचणीतल्या माणसांना तिने हेरून कार्डे दिली. या धंद्याचा आराखडा आखणारे गणिती अँड्र्यू कार यांची एक कल्पना पुढे सगळ्यांनी उचलली: दरमहा भरायची किमान रक्कम बाकीच्या ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणायची. ग्राहकाला हप्ता हलका वाटतो, आणि मुद्दल वर्षानुवर्षे जागचे हलत नाही. फसव्या फी आणि दिशाभूल करणारी विक्री यांबद्दल जून २००० मध्ये प्रॉव्हिडियनला ग्राहकांना निदान ३० कोटी डॉलर परत करण्याचे कबूल करावे लागले. किमान रकमेची कल्पना मात्र टिकली. आज आपल्याकडच्या स्टेटमेंटवरही ठळक अक्षरांत तीच छापलेली असते.

मार्च २००७ मध्ये सिनेटर कार्ल लेव्हिन यांच्या समितीपुढे ओहायोतला एक सामान्य माणूस साक्षीला उभा राहिला. त्याने काही वर्षांपूर्वी नव्या कार्डावर ३,२०० डॉलर खर्च केले होते, मुख्यतः लग्नासाठी. साक्षीच्या वेळेपर्यंत त्याने ६,३०० डॉलर भरले होते आणि अजून ४,४०० डॉलर बाकी दाखवली जात होती. मर्यादा तीन वेळा मिळून २०० डॉलरने ओलांडली होती. त्याबद्दलची फी ४७ वेळा लागली होती. सुनावणीच्या तोंडावर बँकेने उरलेली बाकी माफ केली. समितीपुढे यायची संधी ज्यांना मिळाली नाही, त्यांची माफ कोण करणार होते?

अशा साक्षींनी आणि २००८ च्या कोसळणीने वातावरण बदलले. न्यूयॉर्कच्या प्रतिनिधी कॅरोलिन मलोनी यांनी वर्षानुवर्षे लावून धरलेले विधेयक सिनेटने ९० विरुद्ध ५ मतांनी मंजूर केले आणि २२ मे २००९ रोजी बराक ओबामा यांनी त्यावर सही केली. ‘कार्ड ॲक्ट’ नावाने ओळखला जाणारा हा कायदा वाचताना आधीच्या काळातली एकेक क्लृप्ती आठवते. बिल निदान २१ दिवस आधी पाठवा. भरण्याची तारीख दर महिन्याला एकच ठेवा. संध्याकाळी पाचपर्यंत आलेले पैसे वेळेवर धरा. ग्राहकाने आधी होकार दिल्याशिवाय मर्यादा ओलांडल्याची फी नको. दर वाढवायचा तर ४५ दिवस आधी कळवा, आणि साधारणपणे तो जुन्या बाकीला लावू नका. केवळ किमान रक्कम भरत राहिलात तर कर्ज फिटायला किती वर्षे लागतील, ते स्टेटमेंटवर छापा. पुढच्या वर्षी फेडरल रिझर्व्हने दंडाच्या फीला पहिल्या वेळी २५ आणि लगेच पुन्हा चुकल्यास ३५ डॉलर ही सर्वसाधारण पातळी आखून दिली.

बँकांचा आक्षेप ठरलेला होता: फुगा इथे दाबाल तर तिथे फुगेल, फी रोखाल तर व्याज वाढेल आणि गरिबाला कार्डच मिळणार नाही. हा आक्षेप तपासून पाहता येतो, आणि तो तपासला गेला. सुमित अग्रवाल आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी कोट्यवधी खात्यांची माहिती चाळून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडला की या कायद्याने ग्राहकांचे वर्षाला ११.९ अब्ज डॉलर वाचले, सगळ्यात जास्त वाचले ते कमी पत असलेल्यांचे, आणि त्याची भरपाई म्हणून व्याज वाढल्याचा किंवा कर्ज आटल्याचा पुरावा मिळाला नाही. मला हा या साऱ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा वाटतो. फी ही धंद्याच्या खर्चाची अपरिहार्य वसुली असती, तर ती रोखताच दुसरीकडे उसळली असती. ती उसळली नाही, याचा अर्थ तिच्यातला मोठा भाग ग्राहकाच्या नजरेआड होता म्हणूनच मिळत होता.

पण आखून दिलेली पातळी महागाईनुसार वाढत गेली. मार्च २०२४ मध्ये ग्राहक वित्त संरक्षण विभागाने मोठ्या कार्डकंपन्यांसाठी लेट फी ८ डॉलरवर आणणारा नियम जाहीर केला, तेव्हा ती नेहमी ३२ डॉलरच्या आसपास लागत होती. बँकांच्या संघटना टेक्सासच्या न्यायालयात गेल्या. नियम लागू होण्याच्या चार दिवस आधी स्थगिती मिळाली. सरकार बदलल्यावर विभागाने स्वतःच माघार घेतली आणि एप्रिल २०२५ मध्ये तो नियम रद्द झाला.

आपल्याकडे सिटीबँकेने १९९० मध्ये कार्ड आणले, आणि नंतरच्या दोन दशकांत ‘लाइफटाइम फ्री’ हे शब्द मुंबई-पुण्यातल्या मॉलमधल्या प्रत्येक टेबलावर ऐकू येऊ लागले. व्याज मात्र महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचे व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आदेशाला स्थगिती मिळाली, आणि तब्बल सोळा वर्षांनी, २० डिसेंबर २०२४ रोजी, न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. व्याजाचा विषय रिझर्व्ह बँकेचा आहे, आयोगाला करार नव्याने लिहिता येणार नाही, आणि ग्राहकांना अटींची माहिती दिलेली होती, असा त्याचा रोख होता. या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत होऊ शकत नाही. अटी छापलेल्या असणे आणि त्या माहीत असणे यांतले अंतर अमेरिकेतल्या तपासणी अहवालाने मोजून दाखवले आहे, आणि आपल्याकडचे अटींचे कागद त्याहून सोपे नाहीत.

रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमावलीत काही गोष्टी नेमक्या पकडल्या आहेत. न मागितलेले कार्ड देता येत नाही. तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्याशिवाय लेट फी लावता येत नाही, आणि ती बिलाच्या पूर्ण रकमेवर न मोजता थकलेल्या रकमेवरच मोजावी लागते. कार्ड बंद करायची विनंती सात कामाच्या दिवसांत पुरी केली नाही तर बँकेला दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. त्यासाठी बाकी मात्र शून्य हवी. व्याजाविषयी त्याच नियमावलीत म्हटले आहे की ते झालेला खर्च आणि वाजवी परतावा पाहता समर्थनीय असावे. किती टक्क्यांपर्यंत, याचा आकडा तिथे नाही.